लाल नावाचा प्रबंध

मालरे मावशीला वेडी म्हणणाऱ्यांनो, आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला. दुकान बंद झालं त्या दिवशी ती उकळत्या रामेनचं भांडं उघड्या हातांनी धरून उभी राहिली, हे खरं आहे. हात भाजले, हेही खरं. पण तुम्ही काचेबाहेरून बघत होतात. मी आत होते.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर तिचं बाइंडिंगचं दुकान होतं. मी शाळा अर्धवट सोडलेली, कुठेच टिकत नव्हते, तिच्याकडे टिकले. कागद कापायचं मशीन माझं. पुठ्ठा, गोंद आणि सोनेरी अक्षरं तिची. सख्खी मावशी नाही, पण सख्ख्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मला विचारू नका.

विद्यापीठात जे काही शिजायचं ते शेवटी आमच्या टेबलावर यायचं. डुकरांच्या पोटातले व्रण. बसथांब्याच्या छपराला किती बर्फ पेलतं. जुन्या राजांचा मिठावरचा कर. एकट्या म्हाताऱ्या टीव्ही बंद का करत नाहीत. टूथब्रशचे केस कसे वाकतात. एकजण तर नुसत्या डासाच्या डाव्या पंखावर डॉक्टर झाला.

"मग उजव्यावर कुणी करायचं?" मी विचारलं.

"त्याचा धाकटा भाऊ करेल," मावशी म्हणाली. "तोंड बंद कर आणि काप."

आत डुक्कर असो नाहीतर राजा, बाहेरून सगळे सारखे. काळा पुठ्ठा, कण्यावर सोनेरी नाव. मावशीला आतलं काही कळायचं नाही, तसं ती सरळ सांगायचीही. ती फक्त नाव वाचायची, कारण ते जुळवावं लागायचं, आणि शेवटचं आभाराचं पान. आईने शेत विकलं, बायकोने सोसलं, ताईने डबे पोचवले. ताई आली की मावशीचं बोट त्या ओळीवर थांबायचं.

कारण तिचाही एक भाऊ आत होता. थेसॉप. केस पांढरे व्हायला लागले तरी विद्यार्थीच.

अख्ख्या कोरियात एक जुनी चेष्टा आहे की प्रबंध कशाला उपयोगी, तर रामेनच्या भांड्याखाली ठेवायला. डॉक्टर झालेला माणूस नातेवाइकांना एकेक प्रत वाटतो, आत दोन ओळी लिहितो, सही करतो. वाचत कुणी नाही. जेवणाच्या टेबलावर जाते ती प्रत. नवी होते तेव्हा मीही एक फुकट गेलेली प्रत भांड्याखाली सरकवली होती. मावशीने पाठीत असा धपाटा घातला की शेवया नाकात गेल्या.

"भवाने, एखाद्याची जवानी आहे त्याच्यात! परत दिसलं तर रामेन तुझ्या डोक्यावर ओतीन."

थेसॉपचा विषय चिखल होता. हसू नका. या भावंडांची आई खाडीच्या चिखलात तिसऱ्या वेचायची, आणि तिथल्या बायकांकडे चिखलासाठी ढीगभर शब्द होते. बूट गिळतो तो वेगळा, बूट परत देतो तो वेगळा. खेकड्यांनी भोकं पाडलेला वेगळा, ज्यात बाई अडकली तर हाक मारूनही उपयोग नाही तो वेगळा. थेसॉपने ते सगळे शब्द गोळा केले. भाषावाले म्हणायचे, हा समुद्राचा विषय, तिकडे जा. समुद्रवाले म्हणायचे, शब्दांचं आम्ही काय करू, तिकडे जा. तो इकडून तिकडे फिरत राहिला आणि मावशी त्याची फी भरत राहिली. तेवढ्यात सरकारने खाडीवर बांध घातला. चिखल सुकला. त्या बायका एकेक करून गेल्या, आईसुद्धा.

डॉक्टरकीच्या प्रबंधाला पहिल्या पानावर पाच प्राध्यापकांचे पाच शिक्के लागतात. थेसॉपकडे चार होते. पाचवा माएंग सरांचा. आणि त्याच हिवाळ्यात विद्यापीठातून निरोप आला की ग्रंथालय आता छापील प्रत घेणार नाही, नव्या सत्रापासून नुसती फाइल. म्हणजे आमचं दुकान मेलं, हे दोघींनाही त्याच क्षणी कळलं.

"मरू दे दुकान," मावशी म्हणाली. "थेसॉपचा प्रबंध त्या कपाटात गेला पाहिजे. इतक्यांचे गेले माझ्या हातून. त्याचा नाही गेला तर काय केलं मी इथे?"

मी म्हटलं, "मावशी, समोर शिक्के कोरणारे आजोबा बसलेत. माएंगचा एक कोरून घेऊ. इवलंसं लाकूड तर असतं."

तिने कात्री खाली ठेवली. "मग माझा भाऊ कशाचा डॉक्टर? लाकडाचा?"

"तो माएंग तरी कशाचा आहे?"

"गप्प बस. चारजणांनी खरे दिलेत ना? पाचवाही खराच पाहिजे."

मग एका सकाळी थेसॉपचा फोन आला. मावशीने फोन कानाला लावला तो दोन्ही हातांनी.

"ताई, सर हो म्हणाले. शुक्रवारी शिक्का देतो म्हणाले."

शिक्के पाहिल्याशिवाय पुठ्ठ्यावर नाव उठवायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. कुलगुरू आला असता तरी मोडला नसता. त्या दिवशी मोडला. गाणं गुणगुणत टाइप जुळवला, माझ्याकडे तोंड करून बडबडत होती. "आभाराचं पान राहिलंय बघ त्याचं, म्हणतो शिक्का मिळाल्यावर लिहीन. एक कोरं पान सोडलंय शेवटी. काय लिहील गं?" आणि बोलता बोलता प्रेसचा दांडा खाली ओढला.

वर घेतला तेव्हा दिसलं. मशीनला अजून चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकांची लाल फॉइल लावलेली होती. काळ्या पुठ्ठ्यावर प्यो थेसॉप, लालभडक.

जिवंत माणसाचं नाव आम्ही लाल रंगात लिहीत नाही. लाल नाव मेलेल्याचं. वर्गातलं टारगट पोरगंसुद्धा हा खेळ खेळत नाही.

मावशीने पुठ्ठा पोटाशी धरला. "तू काही पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं."

तिने दुसऱ्या पुठ्ठ्यावर सोनेरीत नाव उठवलं, घाईत जरा वाकडं आलं. लाल नावाच्या पुठ्ठ्यात आतली पानं आधीच चिकटवलेली होती, त्यामुळे ती पूर्ण प्रतच झाली होती. ती तिने रद्दीच्या मागे खुपसली. जाळणार होती. भावाचं नाव जाळायचं म्हणजेही अवघडच.

शुक्रवारी थेसॉप आला. बूट न काढताच आत आला, आणि तो तसा कधीच येत नाही. शिक्क्यांचं पान टेबलावर ठेवलं. चार लाल ठसे आणि पाचवी जागा कोरी.

"काय म्हणाले?" मावशीने विचारलं.

"म्हणाले, ही शब्दांची यादी झाली. खरीखोटी तपासणार कशी? चिखल कुठाय? बायका कुठायत?"

"अरे पण हो म्हणाले होते ना!"

"मी नीट ऐकलं नसेल. पाहू म्हणाले असतील." तो हसला. "चुकत नाहीत गं ते. मीसुद्धा आता तपासू शकत नाही."

मी म्हटलं, "त्या माएंगला त्याच खाडीत उभा करते, थांबा. गिळणारा कुठला होता?"

"सुकलाय तो," थेसॉप म्हणाला.

मावशीने ते पान प्रतीच्या सुरुवातीला चिकटवलं. सोनेरी प्रत घेऊन ती स्वतः ग्रंथालयात गेली. खिडकीवरच्या मुलीने पहिलं पान उघडलं, वाकून सॉरी म्हणाली आणि परत दिली. वाईट नव्हती ती मुलगी. तिच्या ताईचा प्रबंध आम्हीच बांधला होता.

महिनाअखेरीला मशीनं भंगारवाला घेऊन गेला. जागा एका कॉफीवाल्याने घेतली आणि आमचं सामान निघायच्या आतच त्याने नवी चकचकीत फरशी अंथरली, ती रबरासारखी असते ना, तसली. शेवटचं आवरायला आम्ही गेलो. थेसॉपही आला. त्याला बंदरावर गाड्या लावायच्या जागेत काम मिळालं होतं, संध्याकाळच्या बसने जाणार होता. बाहेर बर्फ पडत होतं. मावशीने छोटी गॅसची शेगडी पेटवून रामेन टाकलं. टेबल नाही, खुर्ची नाही.

"फरशी भाजेल गं," ती म्हणाली आणि भांडं कानांना धरून उचललं, नेहमी उचलते तसं, झटकन. "खाली काहीतरी ठेवा."

थेसॉपने पिशवीत हात घातला आणि लाल नावाची ती प्रत काढली. रद्दी बांधताना त्याला सापडली असणार. तिच्यासमोर फरशीवर ठेवली, नाव वर करून.

"ठेव ताई."

मावशी अर्ध्यात थांबली.

"ठेव ना. बरोबर छापलंयस तू. भांड्याखालच्याच कामाची आहे ही."

"उचल ते."

"हात भाजतील, ताई."

"आधी उचल."

मी पुस्तक ओढायला वाकले तर ती माझ्यावर ओरडली, "तू नाही! त्याने ठेवलंय, तो उचलेल."

शेगडीवर परत ठेवता आलं असतं, असं तुम्ही म्हणता. तिला शेगडी दिसतच नव्हती हो. भांडं हिंदकळत होतं, रस्सा मनगटावर सांडत होता, आणि ती खाली त्या नावाकडे बघत उभी होती. बाहेर तुम्ही सगळे जमलात ते तेव्हा.

थेसॉप मान खाली घालून बसून राहिला. खूप वेळ, म्हणजे मला तो खूप वाटला. मग त्याने पुस्तक उचललं. पुसलं नाही, उघडलं नाही. कोटाच्या आत घातलं, बूट चढवले आणि न जेवता बर्फात निघून गेला. दार त्याने हळू लावलं.

मावशीने भांडं तिथेच ठेवलं, उघड्या फरशीवर. जळल्याचा वास आला. मी तिचे हात बादलीतल्या गार पाण्यात बुडवले. तिने विचारलं, "शेवटचं पान अजून कोरंच असेल ना?" मी म्हटलं, "असेल." खोटं काय सांगणार?

आता ती बाजारामागच्या खानावळीत लसूण सोलते. दोन बोटं नीट मिटत नाहीत. थेसॉप सणालाही येत नाही, फोनवर काम बरं आहे म्हणतो. जळलेलं ते वर्तुळ कॉफीवाल्याला पुसता आलं नाही, म्हणून त्याने त्यावर रोपाची कुंडी ठेवलीय. तुम्ही तिथेच बसून कॉफी पिता आणि तिला वेडी म्हणता. एकदा कुंडी सरकवून बघा.