आणखी तीन डोकी

मोठ्याला सगळे मास्तर म्हणायचे आणि धाकट्याला रेडिओ. ही नावं कुणी ठेवली ते आता कुणालाच आठवत नाही, पण दोन्ही अगदी चपखल होती. कोर्टासमोर त्यांचं सलून. दोनच खुर्च्या, डावी मास्तरांची, उजवी रेडिओची. मास्तरांच्या खुर्चीतून फक्त कात्रीचा आवाज यायचा. रेडिओच्या खुर्चीतून कात्री सोडून बाकी सगळं ऐकू यायचं: कोणाचा निकाल लागला, कुठल्या वकिलाचं सासऱ्याशी वाजलं, कुणाची सून कशी चहा न देता पाहुणे घालवते. "अरे, मध्ये श्वास घे, नाहीतर माझा कान जायचा," असं गिऱ्हाईक म्हणालं की याचं उत्तर तयार, "जाऊ दे की. मग माझी बडबड अर्धीच सहन करावी लागेल तुम्हाला!"

वडील गेले तेव्हा मास्तर एकोणीस वर्षांचे होते, रेडिओ अकराचा. आई त्याच्याही आधी गेलेली. मास्तरांनी दुकान चालवलं, भावाला शाळेत धाडलं, आणि त्याचं तिथं मन रमेना तेव्हा फुगवलेल्या फुग्याला फेस लावून त्याच्या हातात वस्तरा दिला. फुगा न फोडता फेस उतरला की मगच माणसाच्या गालाला हात लावायचा. रेडिओनं चाळीसेक फुगे फोडले आणि प्रत्येक वेळी स्वतःच दचकून हसला. मास्तरांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "राहून गेलं." भावाचं मात्र थाटात लावून दिलं. ते स्वतः दुकानामागच्या खोलीत राहायचे. रेडिओ, त्याची बायको आणि मुलगी दोन गल्ल्या पलीकडे. संध्याकाळचं जेवण रोज तिकडेच. जेवताना बोलायचं काम अर्थातच एकट्या रेडिओकडे.

तो शनिवार होता. बाकावर पाच माणसं ताटकळलेली. अकराच्या सुमारास रेडिओ कात्री थांबवून म्हणाला, "दादा, खांद्यापासून जबड्यापर्यंत काहीतरी धरल्यासारखं झालंय. घाम पण येतोय."

मास्तर एका वकिलाच्या हनुवटीखाली वस्तरा चालवत होते. नजर न वळवता ते म्हणाले, "उभं राहून राहून अवघडलं असेल. आणखी तीन डोकी कर नि जा घरी."

रेडिओनं दोन केली. दुसऱ्या डोक्याला तो एक शब्दही बोलला नाही. एवढी मोठी खूण होती, पण मास्तरांना ती कळली नाही. उलट, आज जरा शांतता आहे, असं त्यांना वाटलं. तिसऱ्या गिऱ्हाइकाचे अर्धे केस कापून झाल्यावर तो म्हणाला, "जरा उठता का, मी बसतो." ते गिऱ्हाईक उठलं आणि रेडिओ आपल्याच खुर्चीत बसला. परत उठला नाही. त्याच गिऱ्हाइकानं, गळ्यात कापड तसंच बांधलेलं असताना, रिक्षात त्याचे पाय मांडीवर धरले. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून मान हलवली आणि मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्रास कधी सुरू झाला होता? अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं."

हे वाक्य मास्तरांनी एकट्यानं ऐकलं. भावजय अजून वाटेत होती.

दोन आठवड्यांनी दुकान उघडलं. मास्तरांनी उजवी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर टॉवेलांचा गठ्ठा टाकला. लोक यायचे, हळहळायचे. "झटक्यात गेला, त्रास नाही झाला, हे एक बरं," असं प्रत्येक जण म्हणायचा. मास्तर मान हलवायचे. पण झटक्यात नव्हता गेला तो. चांगली दोन डोकी होईपर्यंत उभा होता.

तीस वर्षांत ज्यांच्या हातून कुणाला ओरखडा आला नव्हता, त्यांनी एका महिन्यात चौघांना कापलं. गिऱ्हाइकं चार दुकानं पलीकडे जाऊ लागली. मास्तरांनी कुणाला अडवलं नाही. दुपारी चारला शटर खाली. मागच्या खोलीत स्टोव्ह पेटेनासा झाला. पाव, केळं, जे हाताला लागेल ते. भावाच्या घरचं किराणा सामान ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याबरोबर पाठवायचे. स्वतः त्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गेले आणि माघारी फिरले. भावजयीनं तीन वेळा निरोप धाडला, "दादांना जेवायला बोलावलंय." तिन्ही वेळा त्यांनी सांगितलं, काम आहे. ते खोटं आहे हे कोर्टाच्या शिपायालाही दिसत होतं.

सातव्या आठवड्यात एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "तुमचे भाऊ दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायचे. बाबांची दाढी करायला. ते अंथरुणाला खिळलेत. फोन लागत नाही, म्हणून शेवटी आले."

रेडिओ गुरुवारी दोन तास गायब असायचा, हे मास्तरांना ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर फड जमवत असेल, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यावरून ते त्याला बोललेही होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं पुढं होऊन बाईंना बातमी सांगितली. बाईंनी तोंडाला पदर लावला. मग मास्तरांना म्हणाल्या, "बाबांना मी कसं सांगू? ते रोज विचारतात. तुम्ही याल का?"

मास्तरांनी हजामतीची पेटी उचलली.

तिसरा मजला. खिडकीशी लोखंडी खाट, उशाशी औषधांच्या बाटल्या आणि पाण्याचा पेला. म्हातारे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. पांढरी दाढी बोटभर वाढलेली.

"हा कोण?" त्यांनी लेकीला विचारलं.

"त्याचा मोठा भाऊ," मास्तर म्हणाले.

"मुका तो? बरं बरं. नि तो कुठं उलथलाय? एका गोष्टीचा शेवट सांगायचा राहिलाय त्याचा."

मास्तरांनी वाटीत साबण घोळला, ब्रश फिरवला. उजव्या गालावरून वस्तरा उतरवला, पुसला. मग म्हणाले, "गेला तो."

"कुठं?"

"वारला. दीड महिना झाला."

हे शब्द त्यांनी आजवर दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकले होते. स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले आणि पाठोपाठ बाकीचं सगळं. जबडा, घाम, वकिलाची हनुवटी, तीन डोकी, डॉक्टरीणबाईंचा अर्धा-पाऊण तास. लेक स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं घेऊन थिजली. म्हातारे छताकडे बघत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघून फेसात गेलं.

"म्हणजे तुमच्यामुळे गेला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो."

"त्याच्या बायकोला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय? मी कोण लागतो? जिना उतरलात की सरळ तिकडं जा." मग ते कुरकुरले, "आणि आधी ही दुसरी बाजू करा. फेस वाळतोय."

मास्तरांनी दुसरी बाजू केली. हात स्थिर होता.

भावजय घरीच होती. शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते तिनं; मशीनभोवती निळ्या कापडाचा ढीग. मास्तरांना दारात बघून ती उठली, खुर्चीवरचं कापड आवरू लागली. मास्तर बसले नाहीत.

"पोरी, आधी ऐकून घे. त्या दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, दुखतंय म्हणून. मी त्याला जा नाही म्हटलं. आणखी तीन डोकी कर म्हटलं. लगेच नेलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. तुला सांगायला तोंड नव्हतं मला."

तिनं हातातलं कापड खाली ठेवलं नाही. ते छातीशी धरलं.

"मला सकाळीच सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "चप्पल घालताना. म्हणाले, आज बरं वाटत नाही, राहू का घरी? मी म्हटलं, शनिवारी दादांना एकट्याला टाकता? ते एकटे कुणाकुणाचं बघतील? मीच पाठवलं त्यांना." तिनं कापड मशीनवर टाकलं. "तुम्ही यायचे बंद झालात ना, तेव्हा मला वाटलं, त्यांनी दुकानात तुम्हाला हे सांगितलं असणार. म्हणून तुम्हाला माझं तोंड बघवत नाही."

मास्तर कापडाच्या ढिगावरच बसले. सात आठवडे दोन गल्ल्यांच्या अंतरावर दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवून बसली होती.

तुझी चूक नाही, असं दोघांपैकी कुणीच कुणाला म्हणालं नाही. म्हटलं असतं तरी दुसऱ्याला पटलं नसतं. ती आधी गप्प रडली, मग मोठ्यानं रडली, मग रागावली. "एवढं दुखत होतं तर स्वतःहून जायला काय झालं होतं? जगाच्या चौकशा करायला वेळ होता ना त्यांना!" मास्तरांनाही तोच राग होता. तो बाहेर काढायची लाज वाटत होती इतके दिवस. "मूर्ख होता," ते म्हणाले, आणि हुंदका आल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला आई आणि मोठे काका जमिनीवर बसलेले दिसले, डोळे सुजलेले, अंगाला निळे धागे चिकटलेले. तिनं दप्तर काढलं आणि काकांच्या शेजारी बसली.

त्या संध्याकाळी मास्तर तिथंच जेवले. फार गेलं नाही, पण ताटावर बसले.

यालाही आता दोन वर्षं होतील. सगळं सुरळीत झालं असं कुणी म्हणू नये. शनिवारी अकराच्या सुमाराला मास्तर अजूनही दुकानाबाहेर येऊन उभे राहतात, गिऱ्हाईक असलं तरी. भावजय अधूनमधून दिवसभर कुणाशी बोलत नाही. उजव्या खुर्चीवर वर्षभरानं एक कारागीर ठेवला. हात चांगला आहे, पण तो शीळ घालतो आणि मास्तरांना ती सोसत नाही. त्यांनी अजून त्याला सांगितलेलं नाही.

गुरुवारी मात्र दोन वाजता ते पेटी उचलतात. म्हाताऱ्यांना गप्पा हव्या असतात आणि मास्तरांकडे गप्पा नाहीत, म्हणून दाढी झाल्यावर ते वर्तमानपत्र वाचून दाखवतात. वाचन शाळेनंतर सुटलेलं. जोडाक्षराला अडखळतात, स्वल्पविरामाला थांबत नाहीत. म्हातारे खेकसतात, "अहो, तिथं वाक्य संपलं! मंत्र्याचं भाषण आणि बैलाचा अपघात एकत्र केलात तुम्ही!" परवा यावर स्वयंपाकघरातून लेकीचं हसू ऐकू आलं आणि मास्तरांनाही हसू फुटलं. मग त्यांनी चष्मा नीट केला, बोट ओळीवर ठेवलं आणि ती बातमी पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली.