फाउंडेशन गेलं, गाडी राहिली

"इंजिन गेलंय. विकून टाकू."

दादाने बाबांच्या मागे राहिलेली त्यांची गाडी जेमतेम अलिबागपर्यंत फिरवून आणली आणि निकाल दिला. माझा हा भाऊ ठाण्याला असतो, इमारती बांधणारा इंजिनिअर आहे. त्याच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नाही. रविवारी तो गिऱ्हाईक घेऊन आमच्याकडे किहीमला येणार होता. त्याला काय जातंय! गाडी गेली की मी आणि आत्या बसणार नाक्यावर रिक्षाची वाट बघत. मला गाडी हवी होती, बस्स. शुक्रवारी सकाळी मी आत्याला म्हटलं, "चल, श्रीवर्धनला जाऊ. इंजिन गेलंय की नाही, ते चढावर कळेल." आत्याने कारण विचारलंच नाही, थेट थर्मास भरायला घेतला. दादाला मात्र आम्ही काही कळवलं नाही. उगाच कशाला!

अलिबागहून रेवदंड्यापर्यंत रस्ता सरळ. तिथे वडापाव खाल्ला, सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात भरून घेतला आणि पूल ओलांडला. पुढे काशीद-मुरुडचा रस्ता अरुंद आणि नुसता वळणांचा, तेव्हा सकाळी लवकरच निघा. चढावर गाडीने हूं की चूं केलं नाही. पण कुठे थांबलो रे थांबलो की थरथराट! गियरचा दांडा हले, डॅशबोर्ड खडखडे, आत्याचा चष्मा नाकावरून खाली येई. क्लच सोडला की पुढून 'धड' असा आवाज. गाडीने वेग घेतला की पुन्हा सगळं शांत. माझं डोकं तिथेच चालायला लागलं. धूर नाही, तेल पीत नाही, चढावर दम आहे, मग इंजिन गेलं कसं म्हणायचं?

आगरदांड्याला खाडीपलीकडे दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी रांग होती. (दिघीहून परतायची शेवटची फेरी कधी, ते इथल्या जेट्टीवरच विचारून ठेवा.) मी बॉनेट उघडलं. "आत्या, बाजूला उभी राहा. हात लावू नकोस, नुसती बघ." हँडब्रेक ओढला, ब्रेक घट्ट दाबला, पहिला गियर टाकून क्लच जरासाच सोडला. मग तसंच रिव्हर्समध्ये.

"अगो बाई!" आत्या ओरडली. "हे तर उठून बसतंय!"

झालं, पकडला चोर! इंजिन रबराच्या बैठकांवर बसवलेलं असतं, त्या फाटल्या की ते असं उड्या मारतं. गॅरेजवाले या बैठकांना 'फाउंडेशन' म्हणतात. मी आनंदाने टाळी वाजवली, तर फेरीबोटीवरचा माणूस धावत आला.

"बंद पडली काय ताई? धक्का मारू?"

"नाही हो, सापडलं!"

"काय हरवलं व्हतं?"

श्रीवर्धनला रशीदभाईंचं गॅरेज गाठलं. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर ओळखलंत. दोन्ही फाउंडेशन गेलीत. इंजिन एकदम ठणठणीत हाय." मला तर त्यांना पेढेच द्यावेसे वाटले. सामान माणगावहून उद्या पहिल्या एसटीने येणार होतं. म्हणजे मुक्काम! आम्ही घरगुती जेवणाची सोय असलेली खोली घेतली. जेवण आधी सांगावं लागतं, ऐनवेळी मिळत नाही. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि समोर समुद्र. आत्या साडी खोचून लाटांत उभी राहिली आणि बाहेर यायचं नावच घेईना.

सकाळी पार्सल आलं. रशीदभाईंनी इंजिनखाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावला, नट सोडले आणि जुनं फाउंडेशन माझ्या हातात दिलं. रबर पार चिरलेलं, लोखंडाला लोखंड घासत होतं. सामान आणि मजुरी मिळून आमच्या मुक्कामापेक्षा थोडंसंच जास्त झालं. इंजिन गेलं म्हणून गाडी फुंकून टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

तेवढ्यात आत्याने उत्साहाच्या भरात ठाण्याला फोन लावला. "अरे, उद्या कुणाला आणू नकोस हो! फाउंडेशन गेलंय. पार चिरलंय. खाली जॅक लावून धरलंय." एवढं बोलली आणि तिच्या फोनचं चार्जिंग संपलं. माझा फोन बॅगेच्या तळाशी, आवाज बंद करून ठेवलेला.

आता ज्याचा जन्म इमारती बांधण्यात गेला, त्याला फाउंडेशन म्हणजे काय वाटणार?

आम्ही गाणी म्हणत, दिघीहून फेरीने, काशीदला शहाळी पीत दुपार कलता किहीमला पोचलो. बघतो तर काय, दादा घामाघूम होऊन घराच्या जोत्याभोवती ओणवा फिरत होता. मी फाटकाशी थांबले, तरी त्याने मान वर केली नाही. आत्याने हाक मारली तेव्हा दचकला.

"कुठे चिरलंय? मला एक तडा दिसत नाहीये! आणि तुम्ही दोघी होतात कुठे?"

मी जुनं फाउंडेशन त्याच्या हातात ठेवलं. तो ते उलटसुलट करत राहिला, आत्या पदर तोंडाला लावून हसत राहिली. आधी तो चिडला, बराच चिडला. घाबरला होता बिचारा. मग म्हणाला, "इंजिनला काही झालं नाही म्हणतेस? बघतोच आता." तरातरा जाऊन गाडीत बसला आणि चावी फिरवली.

कर्रर्र! स्टार्टर असा किंचाळला की माडावरचे कावळे उडाले. गाडी चालूच होती, मी ती बंदच केली नव्हती. दादाने स्टिअरिंगवर हात ठेवला, मग गियरच्या दांड्यावर ठेवला. काहीच हलत नव्हतं.

या प्रवासात समुद्र पाहिला, मासे खाल्ले, ते तुम्हालाही मिळेलच. पण दादाचं ते तोंड मी कशाच्या बदल्यात देणार नाही. तो गाडीतून उतरला, लांब गेला आणि त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला. मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलत होता, पण गाडी इतकी शांत उभी होती की सगळं ऐकू आलं.

"उद्या येऊ नका. नाही, इंजिन चांगलं आहे. पण गाडी माझ्या बहिणीची आहे."