ओढ्यात खांब नको

बाइंडरीत चाळीस वर्षं पुस्तकं बांधून बाई घरी बसल्या, म्हणजे आपल्या म्हणायला बसल्या. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना 'पूलवाल्या मावशी' म्हणत, तेही तोंड दाबून हसत. कारण घरात जिकडे बघाल तिकडे पूल. कपाटावर पूल, शिलाई मशीनवर पूल, सुनेच्या डब्यांच्या फळीवरही पूल. सगळे कागदाचे.

हा काही रिकामटेकडा उद्योग नव्हता. गल्लीपुढच्या ओढ्यावरचा जुना पूल गेल्या पुरात वाहून गेला होता. त्याच्या मधल्या खांबाला ओंडका अडकला, ओंडक्याला कचरा, आणि तुंबलेलं पाणी मावशींच्या घरात गुडघाभर शिरलं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला शेजाऱ्यांनी खाटेसकट उचलून बाहेर काढलं. आता नवा पूल मंजूर झाला, तर इंजिनिअर साहेबांच्या नकाशात खांब पुन्हा तिथेच, बरोब्बर मधोमध. ते कळलं आणि मावशींचं डोकं फिरलं.

"खांबाशिवाय पूल उभा तरी राहील का?" सून म्हणाली.

"न राहायला काय झालं? बघतेच आता."

बावीस पुलांनी मान टाकली. तेविसावा, कमानीचा, दोन्ही बाजूंना घडीच्या भिंती असलेला, दोन जाडजूड शब्दकोश पेलून हूं की चूं न करता उभा राहिला. साहेबांना दाखवायला म्हणून मावशींनी तसाच नवा, पांढराशुभ्र पूल करून कचेरीत नेला. साहेबांनी त्यावर टेबलावरचं पंचिंग मशीन ठेवलं. पूल बसला.

"मावशी, हे नातवंडांना द्या खेळायला," साहेब म्हणाले. शिपायानंही दात काढले.

मावशी घरी आल्या त्या धुमसतच. पूल उलगडून बघतात तर काय, पट्ट्या आडव्या कापलेल्या. कागद एका दिशेनं ताठ असतो, दुसऱ्या दिशेनं लेचापेचा. बाइंडरीत याच चुकीसाठी त्यांनी नव्या पोरींना वर्षानुवर्षं फैलावर घेतलं होतं. आणि आता कागद वाचवायच्या नादात स्वतःच तीच चूक केली होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चूक माझ्या कात्रीची होती," त्या सुनेला म्हणाल्या. "पुलाची नव्हती. उद्या परत जाते."

दुसऱ्या दिवशी त्या कचेरीत गेल्या त्या एक लांबट ट्रे, पाण्याचा तांब्या आणि मेणात बुडवून काढलेले दोन पूल घेऊन. एक स्वतःचा, एक साहेबांच्या नकाशाबरहुकूम, मधल्या खांबाचा. पट्ट्या या वेळी उभ्या कापल्या होत्या. आपल्या पुलावर त्यांनी साहेबांचं पंचिंग मशीन ठेवलं, त्यावर साहेबांचीच जाड फाइल ठेवली. पूल हलला नाही.

मग त्यांनी मशीन आणि फाइल बाजूला ठेवली, साहेबांचा पूल ट्रेमध्ये आडवा बसवला, तांब्यातल्या पाण्यात मूठभर काड्या टाकल्या आणि वरच्या बाजूनं तांब्या ओतायला लागल्या. पहिली काडी खांबाला अडली, तिला दुसरी, मग सगळ्याच. पाणी तुंबलं, ट्रेच्या कडेवरून सांडलं आणि टेबलावरून थेट फाइलकडे निघालं. साहेबांनी फाइल झडप घालून उचलली.

"अहो मावशी, काय करताय?"

"फाइल पटकन उचललीत," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे आजारी माणूस उचलावा लागला."

त्यांनी तो पूल काढून स्वतःचा ट्रेमध्ये ठेवला आणि त्याच काड्या टाकून पुन्हा भरलेला तांब्या साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी ओतला. काड्या कमानीखालून सरळ निघून गेल्या. साहेबांनी काड्या गोळा करून पुन्हा एकदा ओतलं, या वेळी जरा जोरात.

"हे इथं ठेवून जा," ते शेवटी म्हणाले. "मोजमापं घेतो."

"नाही ठेवणार. मोजायचं तर घरी या. पलीकडून या, ओढा ओलांडून. आम्ही रोज येतो तसे."

बुधवारी साहेब आले, बूट हातात घेऊन, पोटरीपर्यंत भिजलेले. मावशींनी त्यांना पाय पुसायला फडकं दिलं आणि बसायला नवऱ्याच्या खाटेचा कोपरा दाखवला.