अक्कलकुव्याचा जुना कॅमेरा

२८ ऑक्टोबर. दिवाळी उरकली होती आणि मी सकाळपासून दुकानाच्या मागच्या खोलीत वायरींवरची हळद काढत बसले होते. लग्नांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी हे काम करावंच लागतं. उन्हाळ्यातल्या लग्नांतली हळद तोवर वाळून वायरींना पापुद्र्यासारखी चिकटलेली असते. थिनरच्या बोळ्याने घासलं की निघते, पण बोटं दोन दिवस पिवळी राहतात आणि भाकरीला वास येतो. लाइटच्या खटक्यात, स्टँडच्या खाचांत, हँडलच्या रबराखाली, सगळीकडे तीच. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता म्हणून स्टँड आडवा पाडून पुसत होते.

शहाद्याला आमचं फोटोचं दुकान आहे. फोटो नवरा काढतो, लग्नाचं शूटिंग मी करते. ही वाटणी काही ठरवून झाली नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा शूटिंगही तोच करायचा. पण हळदीच्या खोलीत बायका त्याला उभा राहू देत ना. नवरीचे पाय, मान, पाठ, सगळ्याला हळद लावायची आणि दारात एक परका पुरुष कॅमेरा घेऊन उभा. एका लग्नात नवरीच्या आत्याने त्याच्या तोंडासमोर दार लावलं. त्याने कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला, कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं आणि मला आत ढकललं. तेव्हापासून मी आतच आहे. पुढे मांडव, स्टेज, वरात, विदाई हेही माझ्याकडेच आलं, कारण एकदा कॅमेरा खांद्यावर आल्यावर तो उतरवून घ्यायला कोणी येत नाही.

आमचा कॅमेरा मोठा होता, खांद्यावर घ्यायचा. तो या उन्हाळ्यात बंद पडला. सुरतच्या कारागिराने महिनाभर ठेवून घेतला आणि परत देताना म्हणाला, याचे पार्ट आता येत नाहीत, शोकेसमध्ये ठेवा. त्याच सुमाराला माझा खांदाही धरला. नंदुरबारच्या डॉक्टरने हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला आणि विचारलं, "रोज पोळ्या किती लाटता?" मी म्हटलं, पोळ्यांचं राहू द्या, मी हंगामभर लग्नात कॅमेरा धरते. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगितलं की आता खांद्यावर वजन घ्यायचं नाही, नाहीतर हा हात वेणी घालायलाही उरणार नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. एक तर जुना मोठा कॅमेरा विकत घ्यायचा आणि आणखी काही वर्षं तो वाहायचा. नाहीतर हा हंगाम भाड्याच्या लहान कॅमेऱ्यावर काढून पैसे साठवायचे आणि उन्हाळ्यापर्यंत लहानच, पण नवा घ्यायचा. हल्ली लहान कॅमेऱ्याचं चित्र आमच्या मोठ्यापेक्षा कितीतरी साफ येतं. हे मला माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला माहीत नाही, आणि सांगून पटत नाही.

त्याच उन्हाळ्यात, मोठा कॅमेरा बंद पडल्यावर एक लग्न मी भाड्याच्या लहान कॅमेऱ्यावर केलं. नवरदेव पारावर बसला, वाजंत्री सुरू झाली, मी शूटिंग करतेय, आणि नवरीचा काका दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघतोय. शेवटी माझ्याजवळ आला.

"बाई, शूटिंगवाला कव्हय येई?"

"मीच शे ना, दादा. कवयनी करी ऱ्हायनू."

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. "हाऊ कॅमेरा शे का मोबाइल?"

लग्न संपेपर्यंत त्या घरातल्या पुरुषांनी मला रस्ता दिला नाही. स्टेजवर मी पोचेपर्यंत अर्धे आहेर होऊन गेले होते. पुढे पेनड्राइव्ह दिला तेव्हा चित्र किती साफ आलंय हे कोणी बोललं नाही. काका स्वतः कुठे कुठे दिसत नाहीत एवढंच बोलले.

त्या दिवशी सकाळी मी हळद काढत असताना ब्राह्मणपुरीहून फोन आला. तुळशीची लग्नं लागली की पहिलं लग्न त्यांच्याकडचंच होतं. नवरीची आई बोलत होती. हळदीचं, मांडवाचं सगळं सांगून झालं आणि मग हळूच म्हणाली, "ताई, कॅमेरा मोठा लई या बरं. याहीस्नी सांगेल शे."

याही म्हणजे व्याही. नवरदेवाकडच्यांचा निरोप होता तो. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढून नवऱ्याने ऐकलं होतंच. तो पासपोर्ट फोटो कापता कापता म्हणाला, "अक्कलकुवावाला जुना कॅमेरा विकी ऱ्हायना. आजच जाय. तो दुसरा कोनले दी टाकी."

"आनि खांदा?"

"लोके कॅमेरा देखतस. शूटिंग कोन देखस?"

"मी खांद्यानं इचारी ऱ्हायनू."

"थोडं थोडं धर ना मंग."

"मंग तुम्हीनच उचला."

तो हसला आणि कात्री चालवत राहिला. चिडण्यासारखं काही नव्हतं. त्याचे गुडघे माझ्या खांद्याच्या आधीच गेले आहेत, आणि फोटोच्या वेळी तोही स्टेजच्या पायऱ्या एकेक करून चढतो. दोघं मिळून आम्ही एक धड माणूस होतो, एवढंच. मी हात धुतले, पिवळेच राहिले, आणि तळोद्याची गाडी पकडली.

अक्कलकुव्याला बाजार भरला होता. डोंगरातून आलेल्या बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांच्या अगदी पाठीमागून गुजरातकडचे ट्रक हॉर्न देत जात होते. शूटिंगवाल्याचं दुकान मोबाइल रिचार्जच्या दुकानाला लागून होतं. तिशी-बत्तिशीचा माणूस. मला "मावशी" म्हणाला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. कॅमेरा वरच्या फळीवर होता. तो बायकोला म्हणाला, "काढ गं जरा." ती स्टुलावर चढली आणि कॅमेरा खाली उतरवून टेबलावर ठेवला. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू अजून त्याच्या झाकणावर होतं.

जुना कॅमेरा कसा बघायचा हे मला येतं. आधी खांद्यावर टेकतो तो रबर बघायचा. तो झिजून गुळगुळीत असेल तर कॅमेरा खूप वाहिलेला आहे, मालक काहीही सांगो. मग स्क्रूच्या माथ्यावर ओरखडे आहेत का बघायचे, म्हणजे तो कितीदा उघडलाय ते कळतं. मग कानाजवळ धरून हलवायचा. मी डाव्या हाताने हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"तांदूळ आहेत," मी म्हटलं.

"मावशी, अक्षता आहेत त्या. माइकच्या जाळीतून जातात. आशीर्वाद समजा."

"आशीर्वादाने मोटर अडकते."

"काढून देतो ना. तेवढे तांदूळ फुकट."

बायको हसली. माणूस बोलका होता, कॅमेराही वाईट नव्हता. भाव माझ्या आवाक्यातला होता. नव्यासाठी साठवायचे त्याच्या कितीतरी खाली. मी म्हटलं, चालवून बघते. दारात उभी राहिले आणि खांद्यावर घेतला.

खरं सांगायचं तर तो खांद्यावर नीट बसला. मोठा कॅमेरा वजन खांद्यावर टाकतो, लहान समोर दोन्ही हातांत धरावा लागतो आणि मनगटं भरून येतात. तेव्हा लहान म्हणजे हलका असं मानण्याचंही कारण नाही. दुसरं म्हणजे, मी कॅमेरा उचलताच रस्ता बदलला. सीताफळवाल्या बाईने पदर डोक्यावर घेतला आणि पाटी सरळ केली. थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर आरशात बघून केस बसवायला लागला. समोरून तिघे पुरुष येत होते ते आपण होऊन बाजूला झाले. कितीतरी महिन्यांत मला कोणी असा रस्ता दिला नव्हता. लग्नात माझ्या वयाच्या बाईला कोपर मारून पुढे जायला कोणाला काही वाटत नाही. मोठा कॅमेरा असला की तीच माणसं "सरका, शूटिंग चाली ऱ्हायनी" म्हणत एकमेकांना मागे ओढतात. नवऱ्याने हा कॅमेरा घ्यायला सांगितलं तेव्हा त्याला हेच म्हणायचं होतं. तो चुकीचं बोलत नव्हता.

ट्रक गेला, त्याच्यामागे बस गेली, मग एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर वळेपर्यंत माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मी कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्याकडे दिला.

त्याने हात पुढे केला नाही. "टेबलावर ठेवा," म्हणाला. मी ठेवला. झाकण माझ्या हातातून निसटून खाली पडलं, ते उचलायलाही तो वाकला नाही. गुडघे मोडून, पाठ ताठ ठेवून, टेबलाचा कोपरा धरून खाली बसला आणि तसाच उठला. शर्टाखाली रुंद पट्टा होता, त्याची कड वर आली होती.

"पण विकताय कशाला?" मी विचारलं.

"दुसरा धंदा टाकतोय, मावशी. मोबाइल रिपेअरिंगचा. बसून काम."

"चांगलं चाललं होतं ना तुमचं?"

"चाललं होतं. डोंगरातली लग्नं रात्र रात्र चालतात, नाच संपत नाही. पैसा होता."

त्याची बायको चहाचे कप ठेवत होती. तिला आमचा सौदा मोडेल असं काही बोलायचं नव्हतं. माझ्या पिवळ्या बोटांकडे बघून तिला मी आपली वाटली असेन. ती म्हणाली, "यांच्या कमरेची गादी सरकली ना. डॉक्टरांनी हा कॅमेरा उचलायचाच नाही म्हणून सांगितलंय. तुम्हाला झेपेल का हो?"

तो तिच्याकडे रागाने बघायला लागला. मी चहा प्याले. चहा गुळचट होता.

"झेपतो का तेच बघायला आले होते," मी म्हटलं. त्याचा अर्थ त्या दोघांना लागला नसेल. मलाही बोलून झाल्यावर लागला. नव्यासाठी पैसे साठवेपर्यंत भाड्याच्या लहान कॅमेऱ्यावर खांद्याला तरी विश्रांती मिळाली असती. जुना घेतला असता तर त्याची किंमत वसूल होईपर्यंत उतरवता आला नसता. मी चाळिशीत असते तर घेतला असता, आणि आज त्याच्यासारखा पट्टा मीच बांधून बसले असते.

"भाव कमी करू का?" त्याने विचारलं.

"भाव बरोबर आहे, भाऊ. तरण्या माणसाला द्या. आणि त्याला तांदूळ काढून द्या."

परतीच्या गाडीत खिडकीकडची जागा मिळाली नाही. तळोद्यापर्यंत उभी होते, डाव्या हाताने दांडी धरून. घरी गेल्यावर नवऱ्याने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मंग ब्राह्मणपुरीनं काय?" मी म्हटलं, उद्या देखसू. भाकरी टाकल्या. जेवण झाल्यावर पाण्याचा हंडा त्याने उचलून आत ठेवला, गुडघ्यांवर हात देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने ब्राह्मणपुरीला गेले. हे फोनवर सांगायचं काम नव्हतं. नवरीची आई ओट्यावर मिरच्या निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगून टाकलं: आमचा मोठा कॅमेरा मोडला, दुसरा मी घेणार नाही. हळद, मांडव, बायकांचं सगळं मी करेन, भाड्याच्या लहान कॅमेऱ्यावर. लग्नाच्या दिवशी स्टेजसाठी मोठ्या कॅमेऱ्याचा शूटिंगवाला मी आणून देईन, माझ्या ठरलेल्या पैशांतूनच त्याला देईन.

तिने हातातली मिरची सुपात टाकली. "हळदले तू ऱ्हाशी ना पन?"

"ऱ्हासू."

"तवढं बस शे माले. पन याहीस्ले मी नही सांगनार, माय. तूच सांग." आणि तिने फोन लावून माझ्या हातात दिला.

नवरदेवाच्या वडिलांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्टेजला मी नसेन, दुसरा माणूस असेल, हे दोनदा सांगितलं, कारण पुढे भांडण नको होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मानूस कोनता बी चाली, बाई. कॅमेरा मोठा पाहिजे."

मी म्हटलं, कॅमेरा मोठाच येईल. फोन परत दिला. गाडीला वेळ होता. मी तिथेच ओट्यावर बसून शहाद्यातल्या दुसऱ्या स्टुडिओवाल्याला फोन लावला, जो इतकी वर्षं आमची गिऱ्हाइकं फोडतो, आणि त्याला स्टेजचं काम दिलं. त्याने आधी विचारलं की यात काय गोम आहे. गोम काही नाही म्हटल्यावर त्याने दर वाढवून मागितला. मी नेहमीच्याच दरावर ठाम राहिले, तो कबूल झाला. मग मी सूप पुढे ओढलं आणि गाडी येईपर्यंत डाव्या हाताने मिरच्या निवडत बसले.