ज्यांच्यासाठी नवस, त्यांच्याच हातचे रोडगे

देवाकडे एखाद्या माणसाविरुद्ध मागणं मागावं की नाही, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोर आला आणि त्याचं उत्तर विचारायला मला जवळचं कोणी नव्हतं. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. आजारपणात देव आठवावा, होडी परत यायला उशीर झाला तर आठवावा, एवढं घरी शिकलो होतो. पण सोबत काम करणारा माणूस छळतो म्हणून देवाला त्रास द्यायचा का? जगात लोकांची एवढी दुखणी असताना मी जाऊन सांगणार काय, तर मला कूलरसमोर बसू देत नाहीत?

मी कोकणातला, मालवणच्या अलीकडचा. दोन नोकऱ्या टिकल्या नाहीत, म्हणून ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या शब्दावर अकोल्याला आलो आणि दर्यापूर रोडवरच्या एका कूलरच्या शेडमध्ये कामाला लागलो. आईने तोवर वाडीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की लेक अकोल्यात मिस्त्री आहे. मी तेव्हा पत्र्याच्या कडा घासत होतो. पण आईचं बोलणं खोटं पडू नये, तिसऱ्यांदा पिशवी घेऊन घराच्या पायऱ्या चढायला लागू नयेत, याची मला इतकी धास्ती होती की घासलेली कड मी पुन्हा घासायचो.

शेडमध्ये आम्ही चौघे. शेठ, कूलरच्या चौकटीत गवत भरणाऱ्या कांताबाई, मी, आणि गुलाबभाऊ. गुलाबभाऊ शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे मिस्त्री, त्यामुळे त्यांचा शब्द शेठही खाली पडू देत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाव विचारलं आणि त्यानंतर माझं नाव कधी घेतलं नाही. मी 'समुद्र' झालो. ए समुद्रा, पत्रा धर. ए समुद्रा, भात खाऊन कुठं पत्रा कापता येते का बे? माझा डबा उघडला की ते वास घ्यायचे आणि आज भरती आहे की ओहोटी, असं कांताबाईंना विचारायचे. दुकानातून नसलेल्या वस्तू आणायला मला पाठवायचे. एकदा मी उन्हात चार दुकानं हिंडून 'डाव्या हाताचा पाना' मागितला. चौथ्या दुकानदाराला माझी दया आली. त्याने मला पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

कूलर बनवणाऱ्यांच्या नशिबी कूलर नसतो, हे मला तिथे कळलं. तयार झालेला कूलर तासभर चालवून पाहायचा, तेवढीच काय ती गार हवा. त्या तासात गुलाबभाऊ त्याच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि माझी जागा मागे ठरवून दिलेली. म्हणजे तो कूलर माझ्या अंगावरची गरम हवा ओढून घ्यायचा आणि ती गार करून गुलाबभाऊंना द्यायचा. वैशाखात अकोल्याच्या पत्र्याखाली ज्याने दुपार काढली आहे त्याला मी जास्त काही सांगायला नको.

हेही मी सहन केलं असतं. पण पत्रा बिघडला की त्यांचं बोट माझ्याकडे वळायचं, आणि मी इतका घाबरट की चूक नसतानाही माझ्या तोंडावर ती दिसायची. दोनदा असं झाल्यावर शेठ मला म्हणाले की आता आणखी एक पत्रा वाया गेला तर तू आपला गावी जा. रागावून म्हणाले नाहीत, म्हणून मला ते जास्त लागलं.

त्या दिवशी कांताबाईंनी गवत भरता भरता हळूच सांगितलं, "बाबू, आमच्या गावाकडं शेतात मारोती हाय. शनिवारी सकाळी जाय अन् त्याले रोडगे बोल. लवकर जाजो, सात वाजता." सातच का, हे मी विचारलं नाही. रोडगे म्हणजे काय हेही विचारलं नाही. पेढ्यासारखं काहीतरी दुकानात मिळत असेल, पाव किलो घेऊ, असं मी मनाशी धरलं.

शनिवारी पहिल्या जीपने गेलो. कपाशीच्या रिकाम्या काळ्या शेतात, निंबाखाली, शेंदराने जाड झालेला मारोती. एक म्हातारे आजोबा दिवा लावून पायरी झाडत होते. मला नवस कसा बोलायचा ते माहीत नव्हतं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, तेव्हा ते देवाला पोचतं. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. मी संकोचून आजोबांना विचारलं की तुम्ही होय म्हणाल का. ते झाडू ठेवून माझ्या शेजारी उभे राहिले. "त्यात काय बापू, म्हणतो," म्हणाले. आजही ते आठवलं की डोळे भरतात. परक्या मुलुखात कोणी मला होय म्हटल्याला बरेच दिवस झाले होते.

मी सुरू केलं. बा देवा मारुतीराया, समुद्रावरून आलेलं हे लेकरू तुझ्या दारात उभं आहे. "हो महाराजा," आजोबा म्हणाले. पोटापाण्याला लागलेलं आहे, त्याला सांभाळ. "हो महाराजा." दर्यापूर रोडवरच्या कूलरच्या शेडमध्ये गुलाबराव नावाचा मिस्त्री आहे, तो मला फार छळतो. इथे आजोबा थांबले. त्यांना कमी ऐकू येत असेल असं वाटून मी नाव पुन्हा मोठ्याने घेतलं. मग ते हळू म्हणाले, "हो महाराजा." तर देवा, त्याला त्या शेडमधून घालव. यावर मात्र त्यांनी होय म्हटलं नाही. "बापू, घालव नको म्हनू," ते म्हणाले. "घालवलं तं ते घरी येईन. मंग घरच्यायनं काय करा? सुधार म्हन."

मला ते पटलं नव्हतं, पण होय म्हणणारा तेवढा एकच माणूस होता. मी 'सुधार' म्हटलं. त्यांनी असं दणक्यात होय म्हटलं की निंबावरची पाखरं उडाली. पुढच्या शनिवारी रोडगे करतो, हेही मी बोलून टाकलं. किती लोकांचे, त्यांनी विचारलं. मी उदार होऊन म्हणालो, सगळ्यांचे.

आता टेपचं सांगायला हवं. शेडमध्ये मोजायचा एकच टेप होता आणि त्याचा पहिला इंच कधीच तुटून गेला होता. त्यामुळे सगळे एकच्या आकड्यापासून मोजायचे आणि शेवटी एक इंच वाढवून खूण करायचे. चोवीस हवे असतील तर पंचवीसवर. ही सवय हातात इतकी मुरलेली की कोणी त्याचा विचारही करत नसे. त्या सोमवारी अमरावतीच्या एका मंगल कार्यालयाच्या बारा कूलरांचं काम आलं आणि शेठनी कौतुकाने नवा टेप आणला. अख्खा, पहिल्या इंचासकट. गुलाबभाऊंनी तो शून्यापासून लावला आणि सवयीप्रमाणे खूण मात्र एक इंच पुढे केली. गवताच्या चौकटी बसवायला एका कूलरला तीन अशा छत्तीस खिडक्या कापल्या, सगळ्या इंचभर मोठ्या. शुक्रवारी कांताबाईंनी भरलेली पहिली चौकट बसवायला घेतली, तर ती खिडकीतून सरळ आत पडली. दुसरीही पडली. तिसरी पडल्यावर गुलाबभाऊ म्हणाले, "समुद्रानं मापं सांगतले, शेठ. म्या कापले."

नेहमीप्रमाणे चूक माझ्या तोंडावर दिसली. शेठ आत पडलेल्या चौकटी उचलत म्हणाले की उद्याचा दिवस काम कर, रविवारची गाडी पकड. मारोतीचा मला फार राग आला. सुधारायचं सोडून त्याने मलाच घालवलं, असं वाटलं. घरी फोन केला, पण आईने आवाज ऐकताच जेवलास का विचारलं, आणि मी जेवलो एवढंच सांगून ठेवून दिला.

शनिवारी दुपारी मी माझी पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली होती. गुलाबभाऊ कूलरसमोर बसलेले. तेवढ्यात शेडच्या दारात एक ऑटो थांबला आणि त्यातून गोवऱ्यांची दोन पोती उतरली. मागून मारोतीजवळचे आजोबा उतरले. मी सकाळी सातपासून वाट पाहून राहिलो, ते कोकणातलं पोरगं कुठं हाय, रोडगे कधी लावाचे, असं त्यांनी सगळ्यांना मिळून विचारलं. गुलाबभाऊ स्टुलावरून उठले. त्या शेडमध्ये मी त्यांना कोणासाठी उठताना पाहिलं नव्हतं.

"बाबा," ते म्हणाले, "तू इथं काहून आला?"

म्हणजे मी लेकाविरुद्ध बापाकडूनच होय म्हणवून घेतलं होतं. आता आजोबा काय काय सांगतात, या भीतीने मी पिशवीकडे सरकलो. त्यांनी गाऱ्हाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पिशवी मात्र त्यांना दिसली, आणि ती कोणाची, कशाला भरली, हे त्यांनी शेठना विचारलं. शेठनी छत्तीस खिडक्यांची हकीकत सांगितली. आजोबा ऐकत लेकाकडे पाहत होते. मग शेठना म्हणाले, "हा लहान होता तवा आंबा खाये अन् कोय बकरीसमोर नेऊन ठेवे. तीन उन्हाळे म्या त्या बकरीले मारलं." आणि लेकाकडे वळून त्यांनी विचारलं, "गुलाबा, मापं कोनं घेतले? मारोतीसमोर एकाले हो म्हनून आलो म्या. मले खोटं पाडू नको."

कूलर चालू होता. गुलाबभाऊंनी तो बंद केला. कांताबाई खाली मान घालून गवत भरत होत्या.

"म्या घेतले," ते म्हणाले. मग नवा टेप हातात घेऊन त्याचा पहिला इंच सगळ्यांना दाखवला आणि पुटपुटले, "हा होता न इथं. याची सवयच नाही राहिली."

शेठना आधी हसू फुटलं, मग ते रागावले, आणि मग मला म्हणाले की ती पिशवी उचल तिथून. रविवारी सुट्टी न घेता आम्ही दोघांनी छत्तीस खिडक्यांना आतून पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या. गुलाबभाऊ दिवसभरात चार शब्द बोलले असतील, त्यातले दोन 'समुद्रा' होते. कूलर वेळेवर अमरावतीला पोचले. मंगल कार्यालयवाल्याने पट्ट्या पाहून काम मजबूत आहे असं म्हटलं. आम्ही एकमेकांकडे न बघता मान हलवली.

रोडगे मात्र राहिले होते. ते दुकानात मिळत नाहीत, जाड्या कणकेचे पदरावर पदर घालून गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर गावाला वाढायचे, हे मला तेव्हा कळलं. सगळ्यांचे बोललो होतो, आणि करायला येत नव्हतं. त्या भागात रोडग्यांचा पक्का हात कोणाचा, म्हणून मी कांताबाईंना विचारलं. त्यांनी गुलाबभाऊंकडे बोट दाखवलं. मारोतीकडे सात वाजता पाठवताना तिथे गुलाबभाऊंचे वडील असतात हे तुम्हाला माहीत होतं का, असंही विचारून घेतलं. "मले काय माहीत बापा," त्या म्हणाल्या आणि चौकटीत आणखी गवत कोंबलं.

पुढच्या शनिवारी गुलाबभाऊंनी कणीक तिंबली. गोवरी अशी लावतेत का बे, राख झटक, समुद्रात राख नसते का, असं दिवसभर चालू होतं. नवस कशाचा, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आजोबांनी सांगितलं असावं, किंवा नसावंही. पंगत बसायच्या आधी मी मारोतीसमोर उभा राहिलो. बा देवा, तू दिलंस ते मला मागता आलं नसतं, एवढंच मी म्हणालो. मागून आजोबांचा आवाज यायच्या आत दुसराच आवाज आला, हाताला कणीक लागलेल्या माणसाचा, शेतापार जाईल असा.

"हो महाराजा."

आजही मी समुद्रच आहे. डब्याची चौकशी रोज होते. फक्त कूलर तपासायचा असला की तो आम्हा दोघांकडे तोंड करून ठेवला जातो आणि त्याच्यासमोर दोन स्टुलं असतात. देवाकडे काय मागावं, हे मला अजून कळत नाही, म्हणून आता मी फक्त सांगतो आणि पुढचं त्याच्यावर सोडतो. त्याचं माप माझ्यापेक्षा बरोबर निघतं. मध्यंतरी आईने फोनवर विचारलं की मिस्त्री झालास ना नक्की. मी उत्तर द्यायच्या आत गुलाबभाऊंनी शेजारून ओरडून सांगितलं की अजून नाही, पण होते लेकाचा.