राम-रावणाच्या मधे मारुती

जुन्या करमणुकीच्या वस्तू जमवायला निघालं, की वस्तूंच्या आधी किस्सेच हाताला लागतात. आमच्या ऑनलाइन म्युझियमने किस्स्यांचं दालन काढलं, तर सर्व्हर पुरणार नाही!

आम्ही तिघं. ग्लासगोला म्युझियमचं शास्त्र शिकून, 'सगळं कायमचं जपायचं' असा पण करून परतलेली मी; कोड लिहिणारा बेळगावचा प्रकाश; आणि बँकेतून रिटायर झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्याच असलेल्या सुमनअक्का. कन्नड बोलायची वेळ आली की अक्का पुढे.

* * *

यशवंतपूरच्या भंगारवाल्याकडे बायोस्कोपची पेटी सापडली. मी भारावून पंधरा मिनिटं म्युझियमबद्दल बोलले. अक्कांनी ते कन्नडमध्ये दोन वाक्यांत संपवलं.

"म्युझियम आहे कुठं?" त्याने विचारलं.

"ऑनलाइन."

"मग पेटी कशाला उचलताय? तीपण ऑनलाइनच न्या!"

* * *

के. आर. पुरमला एक म्हातारे ऑपरेटर भेटले. आयुष्यभर तंबूत सिनेमे दाखवलेले. त्यांनीच दिलेल्या काचेच्या स्लाइड आम्ही त्यांना साइटवर दाखवल्या. त्यांनी टक लावून पाहिलं आणि ते अक्कांच्या कानात काहीतरी पुटपुटले.

अक्का हसू दाबत म्हणाल्या, "अण्णा विचारतायत, इंटरव्हल कधी? लोकांनी चहा कधी प्यायचा?"

आता साइटवर दर दहा स्लाइडनंतर इंटरव्हल होतो. प्रकाश म्हणतो, सगळ्यात जास्त क्लिक तिथंच पडतात!

* * *

आणि बोम्मसंद्राचे आजोबा! चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे, बेल्लारीकडचे, मुलाकडे राहायला आलेले. घरात बोलतात मात्र मराठी. त्यांच्याकडे पणजोबांच्या हातचा रावण होता. झिजलेला, दोन डोकी फाटलेली. शनिवारी ते त्याला तुंगभद्रेत सोडणार होते. थकलेली बाहुली नदीला द्यायची, ही त्यांची रीत.

माझा जीव खालीवर. "आजोबा, निदान फोटो तरी काढू द्या!"

"आधी तुझी पेटी दाखव."

मी लॅपटॉपवर बाहुल्यांचं दालन उघडलं. दुसऱ्या एका घराण्याच्या बाहुल्या, वर्णानुक्रमे लावलेल्या. राम आणि त्याला चिकटून रावण.

"एका पेटीत, शेजारी-शेजारी? भांडतील की! आम्ही कधी ठेवत नाही."

मी कॅटलॉगिंगवर भाषण दिलं. "सरी," म्हणजे 'बरं', एवढंच म्हणून आजोबा आत निघून गेले. फोटो राहिलाच.

संध्याकाळी साइट बंद पडली.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे," प्रकाश म्हणाला.

"कसला सर्व्हर? मारामारी आहे ती!" अक्का म्हणाल्या. "स्वल्प ऐकावं मोठ्यांचं."

शुक्रवारी दोघांच्या मधे मारुती बसवून आम्ही पुन्हा गेलो. आजोबांनी पाहिलं, मान डोलावली, पडद्यामागे दिवा लावला आणि रावण नाचवला. आम्ही एकेक डोकं टिपलं. मग ते त्याला कोऱ्या कापडात गुंडाळू लागले.

माझे डोळे भरले. "खरंच सोडणार? कायमचा राहिला असता हो."

"राहिला की तुझ्या पेटीत." आजोबांनी गाठ मारली आणि लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "पण पोरी, ही म्हातारी झाली, की हिला कुठल्या नदीत सोडतेस?"