अळूवरची अळी

आई गेली त्या वर्षी माहेरच्या, चेण्याच्या घरामागून मी पिशवीभर अळकुड्या मीरा रोडला आणल्या. वडीचं अळू, काळ्या देठाचं. सोसायटीच्या मागे लागून गच्चीचा एक कोपरा मिळवला, निळी पिंपं अर्धी कापून घेतली आणि त्यांत त्या लावल्या. तीन वर्षं सुपाएवढी पानं निघत होती. मी त्यांच्या वड्या करायचे, समोरच्या फ्लॅटमधल्या बेन पात्रा करायच्या. बेन जैन, पण जन्म भाईंदरचा. मराठी माझ्याइतकंच सफाईदार बोलतात, फक्त चिडल्या की गुजरातीत शिरतात.

गेल्या पावसाळ्यात, श्रावण लागायच्या सुमारास, एका पानाची पार जाळी झालेली दिसली. उलटून पाहिलं तर खाली बारीक हिरव्या अळ्यांची गर्दी. शेजारच्या पानामागे भुऱ्या लवेखाली अंड्यांचा पुंजका. दोन्ही पानं तोडून फेकली आणि वाटलं, संपलं. पण आठवड्याभरात बाकीची पानंही कुरतडलेली दिसायला लागली. दिवसा शोधावं तर एकही अळी नाही.

चेण्याला माझा भाऊ अजून थोडं भात लावतो. त्याला फोटो पाठवून फोन केला.

"लष्करी अळी आहे का रे ही?"

"न्हाय गं. लष्करी भातावर पडते. ही पानं खाणारी, तंबाखूवर पडते ती. पण भावकीतलीच हाय. टोमॅटो पोखरते ना, ती पण त्यांच्यातलीच. सगळ्यांचे पतंग मातकट, दिवसा नजरेला पडायचे न्हाय."

"आणि अळ्या कुठे असतात दिवसा?"

"मातीत. दिवेलागणीला बघ. आणि बादलीत साबणाचं पाणी घेऊन जा."

त्या संध्याकाळी वर गेले. काळपट, मखमली, बोटाएवढ्या अळ्या देठांवरून सावकाश वर चढत होत्या. अंगावर पिवळी रेघ, दोन्ही बाजूंना काळे ठिपके. पहिली चिमट्यात धरली आणि मागून आवाज आला.

"ताई, मारू नका हं."

बेन वाळत घातलेले कपडे काढायला आल्या होत्या. त्यांचा चातुर्मास चालू होता. पालेभाजी बंद, अळूही बंद. पानांत जीव असतात म्हणूनच तर बंद.

"अहो बेन, माझी पानं खाताहेत त्या."

"खाऊ दे ना थोडी. मी घेऊन जाते त्यांना. खाली मोकळ्या जागेत सोडते."

रोजच्या शेजारणीला नाही कसं म्हणायचं? त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी अळ्या वेचायचे आणि बेन स्टीलच्या डब्यात, वर एरंडाचं एक पान घालून, त्या घेऊन जायच्या. अळूच्या चिकानं माझे हात कोपरापर्यंत खाजायचे. आठ दिवस झाले. रोज तेवढ्याच अळ्या. मला कळेना, एवढ्या येतात कुठून!

नवव्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे सोसायटीच्या जास्वंदीच्या कुंड्या आहेत. जास्वंदीला पान म्हणून उरलं नव्हतं. कुंडीत एरंडाची सुकलेली पानं पडली होती.

मी तशीच जाऊन बेनच्या दाराची बेल वाजवली.

"तुम्ही खाली सोडता म्हणालात ना?"

त्या म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे ताई. गुडघे चालत नाहीत माझे. मला वाटलं, एवढी गच्ची ओलांडून कुठे येणार आहेत त्या?"

"आल्या ना पण! जास्वंद संपवली आणि आल्या! आईचं अळू आहे ते, बेन. विकत नाही मिळत कुठे."

माझा आवाज चढला होता. जिन्यातली दोन दारं उघडली. बेन काहीतरी गुजरातीत पुटपुटल्या आणि आत गेल्या. मी वर गेले, बादली घेतली, साबण घातला आणि त्या संध्याकाळच्या सगळ्या अळ्या बुडवल्या. बरं वाटलं का? नाही वाटलं. बादलीत बघवतही नव्हतं आणि राग उतरतही नव्हता.

दोन दिवस आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी बेन दारात उभ्या. हातात जुनी मच्छरदाणी कापून शिवलेल्या चार खोळी, खाली नाडी ओवलेल्या. "आता पतंग आत येणार नाही, अंडी घालणार नाही. मग मारायचा प्रश्नच नाही." मला शरम वाटली. आम्ही दोघींनी मिळून खोळी पिंपांवर चढवल्या, नाड्या आवळल्या. नवी पानं फुटायला लागली. गणपतीला घरच्या पानांच्या वड्या होतील असा मी हिशेब बांधला.

दहाएक दिवसांनी सकाळी पाणी घालायला गेले, तर एका खोळीच्या आत, जाळीला चिकटून, पाच पतंग बसलेले. मातकट तपकिरी, पंखांवर फिकट रेघांची जाळी. आतल्या पानावर अंड्यांचा ताजा पुंजका. अळ्या मातीत शिरून कोषात गेल्या होत्या. आम्ही नेमके त्यांच्यावरच खोळी बांधल्या होत्या.

मी कठड्याला टेकून खाली बसले. बेन वर आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. मला संताप आला. "सॉरी ताई, सॉरी," म्हणत त्या हसू दाबत होत्या. त्यांना शिव्या द्याव्यात की स्वतःला, तेच समजत नव्हतं.

शेवटी चारही पिंपं ताडपत्रीवर उपडी केली. अळकुड्या वेगळ्या काढल्या, अर्ध्या चेण्याला भावाकडे पाठवल्या. माती चाळणीनं चाळली. लालसर, चकचकीत कोष खजुराच्या बियांसारखे चाळणीत वर यायचे. बोट लावलं की शेपटाकडून वळवळायचे. बेननी ते सगळे एका वाटीत जमवले आणि जिना उतरायला लागल्या. सहा मजले, एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी. मी थांबवलं नाही आणि मदतीलाही गेले नाही.

गणपतीत वड्या केल्या त्या भाईंदरच्या बाजारातल्या पानांच्या. घशाला खाजल्या. नवऱ्याने चिंच वाढव म्हणून सांगितलं, आणि मी त्याच्यावरही खेकसले.